चेर्योमुश्की व बी. डी. डी. चाळी : दोन आराखड्यांचें परीक्षण

देवळ्यासारख्या गांवीं जुन्या वाड्याचें मोजमाप घेतांना आम्ही आधीं चौक मोजतों व मग दालनें. कारण घरचा बहुतेक व्यवहार चौकांत चालतो. हीच कसोटी सरकारी वसाहतींस लावून पाहावी असें मनांत आलें.

सोव्हिएट काळांतील वसाहतीचा नमुना म्हणून मॉस्कोंतील नोवे चेर्योमुश्कीच्या नवव्या गटाकडे बोट दाखविलें जातें. नातान ओस्टरमान प्रभृति रचनाकारांच्या आराखड्यानें तो १९५६ ते १९५८ मध्यें उभा राहिला. स्वयंपाकघर लहान, छत बुटकें. परंतु प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र घर, आणि शाळा, बालकमंदिर व दुकानें पायीं जाण्याच्या अंतरावर. येथें रचनेचें परिमाण कुटुंब होय.

मुंबईंत अशी सरकारी वसाहत याच्या पुष्कळ आधीं झाली. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दींत १९२० सालीं स्थापन झालेल्या विकास खात्यानें कापसाच्या गांठीमागें एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला. झाल्या अवघ्या २०७ चाळी : वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीस १२. दर चाळींत ८० खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फूट, शौचकूप सामाईक. येथें परिमाण खोली. बिऱ्हाड कोणीं मोजलेंच नाहीं. आरंभीं कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या, आणि १९३० च्या कायदेभंगांत वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करणें सरकारास मुळींच जड गेलें नाहीं. आराखड्यावर याहून कठोर टीका आम्ही ती काय करणार?

तथापि रहिवाशांनीं मधल्या लांब बोळाचाच चौक केला. दारें उघडीं ठेवून निवडणें, अभ्यास, भांडण, लग्नाची बोलणी, सर्व तेथेंच. नकाशांत मात्र तो बोळ जाण्यायेण्यापुरता.

२०१७ सालीं मॉस्कोनें जुन्या इमारती पाडण्याचा कायदा केला. त्याच वर्षीं नायगांवच्या पुनर्विकासाचें भूमिपूजन झालें. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या ५५६ कुटुंबांस पांचशें चौरस फुटांचीं घरें मिळालीं. तीं हक्काचीं आहेत. त्यांविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती आम्हां संशोधकांविषयीं. सरदारांच्या वाड्यांच्या जोत्यांवर आम्हीं पानेंच्या पानें खर्चिलीं. बोळाची रुंदी, समोरासमोरच्या दारांचा क्रम, नळाची जागा यांची टिपणें कोणी घ्यावयाचीं? पाडकाम चालू आहे. उद्यां सरकारी नकाशा तेवढा उरेल, आणि त्यांत बोळ हा केवळ वाट म्हणूनच रेखाटलेला असेल.