१८० पदार्थ, ४ ग्रेव्ह्या

“जळगावात बाहेर खायला आहेच काय?” आमच्या महाबळ भागात हे वाक्य उन्हाबद्दल बोलावं तसं बोललं जातं. सगळ्यांना मान्य, उपाय कुणाकडेच नाही. सुट्टीत पुण्याहून आलेली मुलं ते म्हणतात, त्यांचे आईवडील मान डोलावतात आणि मग सगळे मिळून गाडी काढून रिंग रोडवरच्या एखाद्या एसी हॉटेलात जाऊन बसतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. काही वर्षं पुण्यात काढून आता जळगावच्या घरूनच लॉगिन करतो. गेल्या वर्षभरात इथे बाहेर बरंच खाल्लं. शेजारी, मित्र, बहिणीच्या मैत्रिणी, जो भेटेल त्याला विचारत गेलो, की नेमकं कमी काय आहे? उत्तरं साधारण तीन आली. व्हरायटी नाही. चव टिकत नाही. बसावंसं वाटेल अशी जागा नाही. तिन्हींत तथ्य आहे. पण पहिलं उत्तर जरा उलगडून बघायला हवं, कारण दुसऱ्याचं मूळ मला तिथेच सापडलं.

मेनूकार्ड वाचताना

एका हॉटेलात जेवण यायला उशीर होता, म्हणून मी मेनूकार्डावरचे पदार्थ मोजत बसलो. १८० भरले. सूप, स्टार्टर, पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पिझ्झा, सिझलर, मॉकटेल. शेवटून दुसऱ्या पानावर ‘महाराष्ट्रीयन’ नावाचा पाच ओळींचा चौकोन. १८० पदार्थ समोर ठेवणाऱ्या गावात व्हरायटी नाही, ही तक्रार वरवर विचित्र वाटते. तरी ती खरी आहे.

अशा हॉटेलांच्या स्वयंपाकघरात ग्रेव्ह्या आधीच करून ठेवलेल्या असतात. टोमॅटोची लाल, काजू-मगजची पांढरी, कांद्याची तपकिरी आणि पालकाची हिरवी. ऑर्डर आली की त्यातली एक कढईत पडते आणि तिच्यात पनीर, काजू, कोफ्ता, मशरूम, मटार, बटाटा किंवा मिक्स भाज्या. चार ग्रेव्ह्या गुणिले सात जिन्नस, झाली २८ नावं. वरून चीज किसलं की ५६. डेटाबेसमध्ये दोन छोटे तक्ते एकमेकांशी गुणले की हजारो ओळी तयार होतात, पण माहिती तेवढीच राहते. पनीर तुफानी आणि पनीर अंगारा यांत फरक काय, असं मी वेटरदादांना विचारलं. “अंगारा थोडा स्पायसी आहे सर.” आणि तुफानी? “तो पण.”

या कार्डातला पंजाबी भाग फार जुना नाही. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीला आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ थाटलं आणि तंदूर, मखनी हे शब्द तिथून देशभर गेले. मंचुरियनचा जन्म १९७० च्या दशकातल्या मुंबईतला मानला जातो. त्याचं श्रेय नेल्सन वांग यांना दिलं जातं. हे पदार्थ उत्तम असू शकतात. निर्वासितांनी शून्यातून उभी केलेली ती पाककला आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. प्रश्न आहे तो तिची दहावी झेरॉक्स आपण ‘व्हरायटी’ म्हणून वाचतो त्याचा.

हॉटेलवाल्याची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याच्या टेबलावर आठ जणांचं कुटुंब येतं. आजोबांना खिचडी, काकूंना उपासाचं, मुलाला नूडल्स, जावईबापूंना पनीर. यातल्या कुणालाही ‘नाही’ म्हटलं तर आठही जण शेजारच्या हॉटेलात जातात. म्हणून कार्ड वाढत जातं आणि वाढलेलं कार्ड सांभाळायला ग्रेव्ह्या लागतात.

चव का टिकत नाही

“नवीन हॉटेल पहिले तीन महिने मस्त, मग बिघडतं.” हे मला इतक्या जणांनी सांगितलं, की तो नियमच मानावा. नेहमीचं स्पष्टीकरण असं, की मालक पैसा वाचवायला लागतो. तसं होतही असेल. पण मला दुसरं एक कारण जास्त पटतं. चव आचाऱ्याची असते. आचारी बाहेरून आलेला असतो आणि जास्त पगार मिळाला की तो दुसऱ्या गावी जातो. तो गेला की त्याच्याबरोबर चवही जाते. आणि ती गेली हे ठामपणे सांगू शकेल असं टेबलावर कुणी नसतं. मखनी कशी लागायला हवी हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. गोड लागली तर गोड, आंबट लागली तर ‘आज जरा आंबट आहे’. दोन तारे कमी करून आपण घरी येतो.

आता याच्या शेजारी भरीत ठेवून बघा. भरीत बिघडलं तर टेबलावरचा प्रत्येक जण परीक्षक असतो. आजी वास घेऊनच सांगते, की वांगं गॅसवर भाजलंय. वडील सांगतात, तेल जास्त झालंय. मी सांगू शकतो, की लसूण कच्चा राहिलाय. जिथे गिऱ्हाइकाला पदार्थ कळतो तिथे विकणाऱ्याला सवलत मिळत नाही. खाण्याचा दर्जा टिकवणारी याहून भक्कम यंत्रणा मला माहीत नाही. ॲपवरचे तारे तिच्या जवळपासही जात नाहीत.

भरीत सेंटर: एका ओळीचं कार्ड

हिवाळा लागला की जळगावात भरीत सेंटरं गजबजतात. फिकट हिरवी, हाताच्या पंजात न मावणारी, कमी बियांची भरताची वांगी बाजारात येतात. असोदा, बामणोद ही गावं त्यासाठी नावाजलेली. (असोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर.) जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या काड्यांवर ही वांगी भाजायची. त्या जाळाचा धूर गरात उतरतो आणि गॅसवर तो कधीच उतरत नाही. मग सोलून, ठेचून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. सोबत पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेलं पीठ. भरीत किलोवर मिळतं. कार्ड नसतं, कारण वाचण्यासारखं काही नसतं.

गंमत अशी, की “खायला काय आहे” विचारल्यावर यातलं एकही सेंटर कुणी मोजत नाही. ‘ते काय हॉटेल आहे का?’ असं मला समोरच्या काकूंनी विचारलं. त्यांच्या घरी त्याच आठवड्यात तिथलंच दोन किलो भरीत आलं होतं.

आमच्या भागातल्या मोठ्या चौकाचं नाव काव्यरत्नावली चौक. १८८७ साली जळगावातून सुरू झालेल्या, फक्त कवितेला वाहिलेल्या मासिकाचं हे नाव. एकच जिन्नस द्यायचा आणि तो निवडून द्यायचा, ही रीत या गावाला नवी नाही. त्या चौकातून रोज जाणाऱ्या आपल्याला १८० पदार्थांचं कार्ड श्रीमंत आणि एका पदार्थाचं दुकान गरीब का वाटतं, याचा विचार व्हायला हवा.

शेवभाजीचं काय झालं

इथवर वाचून कुणी म्हणेल, की मग सोपं आहे, खानदेशी हॉटेलं वाढवा. ती वाढलीच आहेत, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार त्यांच्याबद्दलच आहे.

चांगल्या शेवभाजीत तीन गोष्टी बघाव्यात. एक, कांदा आणि सुकं खोबरं खरपूस भाजलेलं हवं, पण जळकट नको. काळा रंग भाजण्यातून यावा. दोन, तर्री रश्श्यातूनच सुटलेली असावी. तीन, शेव वाढायच्या वेळी पडावी. पहिल्या घासाला तिचा कणा शाबूत असावा आणि जेवण संपेपर्यंत तिने रस्सा प्यायलेला असावा. आधीच टाकून ठेवलेली शेव विरघळते आणि ताटात पिठल्याचा काळा भाऊ येतो.

आज ‘अस्सल खानदेशी’ पाटीखाली जे मिळतं त्यात बऱ्याच ठिकाणी काळ्या रश्श्याचं एक मोठं पातेलं असतं आणि तर्रीचं वेगळं. त्याच रश्श्यात शेव टाकली की शेवभाजी, अंडं टाकलं की अंडाकरी, पातोड्या टाकल्या की पातोड्यांची भाजी, वांगं टाकलं की वांग्याची भाजी. वाचकहो, ही पाचवी ग्रेव्ही आहे. पंजाबी हॉटेलाचीच रीत, फक्त रंग बदललेला. त्यात ‘झणझणीत’ हा शब्द एवढा मोठा करून ठेवलाय, की तिखटापलीकडे खानदेशाला चव आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचा मार्गच उरत नाही.

पुरावा घरात आहे. डाळी भिजवून, भरड वाटून, वाफवलेले फुणके आणि त्यावर कढी. यात तिखटाचा बडेजाव नाही. डुबुकवडे. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, जिच्यासाठी लोक लग्नाच्या पंगतीची वाट बघतात. आखाजीला आमरसाबरोबर खापरावरचे मांडे. उन्हाळ्यात गच्चीवर वाळणाऱ्या ज्वारीच्या बिबड्या. जळगावच्या केळीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं, सावदा-रावेरच्या बाजूला रस्त्याकडेला केळीचे वेफर्स कढईतून गरम निघतात, आणि गावातल्या कार्डावर केळं सापडतं ते फक्त मिल्कशेकमध्ये.

हे पदार्थ हॉटेलात नाहीत याचं एक कारण आपण बोलत नाही. ते बायकांच्या फुकटच्या मेहनतीवर उभे आहेत. मांड्याची सैलसर कणीक हातावर झेलत, मोठी करत, न फाटता तापल्या खापरावर टाकणं हे वर्षानुवर्षं कमावलेलं कसब आहे. ते घरी केलं की ‘आईच्या हातची चव’ आणि विकायला काढलं की ‘एवढे पैसे कशाला?’ काजू करीला आपण मुकाट्याने जेवढे देतो, तेवढे फुणक्यांना द्यायची तयारी नसेल तर फुणके कार्डावर येणार नाहीत. आणि पुढच्या पिढीत घरातूनही जातील, कारण आमच्या बहिणी त्या फुकटच्या रांगेत उभ्या राहणार नाहीत. राहूही नये.

टेबल कुणासाठी

तिसऱ्या उत्तरावर, जागेच्या प्रश्नावर, मला धुळ्याने विचार करायला लावलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी देवपुरात खोली करून, मेसच्या डब्यावर काढली. धुळं मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या तिठ्यावर नाही, चौफुलीवर वसलेलं गाव. त्याचं खाणंही महामार्गाचं. रात्री उशिरापर्यंत चालू, गरम भाकरी, भरपूर रस्सा, ट्रकवाल्याला परवडेल असं. देवपुरात अजून म्हणतात, चांगलं खायचं तर हायवेला चल. आम्ही पोरं बाइकवर तिघं-तिघं जायचो.

आमच्या वर्गातल्या मुली येत नसत. त्यांना शेवभाजी आवडत नव्हती असं नाही. रात्री नऊ वाजता ढाब्यावर एकट्या मुलीला बसायला जागा नसते. ‘फॅमिली’ लिहिलेल्या पडद्यामागे बसायला आधी फॅमिली लागते. स्वच्छतागृहाबद्दल तर विचारूच नका. आज जळगावात माझी बहीण आणि तिच्या मैत्रिणी एसी हॉटेलात जातात ते पनीरसाठी नव्हे. तिथे उजेड असतो, दार लागणारं बाथरूम असतं, दोन तास बसलं तरी कुणी टक लावून बघत नाही. हॉटेल त्यांना टेबल विकतं, जेवण त्याबरोबर येतं. ढाब्याच्या खाटेवर बसून ‘अस्सल चवी’चं कौतुक करणाऱ्या आम्हा पुरुषांच्या लिखाणात हा हिशेब क्वचितच असतो.

म्हणजे आज आमच्या दोन्ही गावांत अशी वाटणी झाली आहे: जिथे पदार्थ चांगला तिथे अर्ध्या गावाला बसता येत नाही आणि जिथे सगळ्यांना बसता येतं तिथे पदार्थाला गाव नसतं. ‘खायला काही नाही’ या वाक्याचा मला लागलेला अर्थ हा आहे.

मग मागायचं काय? अजून एक क्विझिन नको. उजेडाच्या टेबलावर वीस ओळींचं कार्ड हवं, त्यातल्या चार ओळी ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या. हिवाळ्यात काड्यांवर भाजलेलं भरीत आणि मे महिन्यात ‘भरीत नाही’ असं सांगायची हिंमत. वरण-बट्टी आठवड्यातून एक दिवस, मांडे आदल्या दिवशी ऑर्डर देऊन, आणि करणाऱ्या बाईंना त्याचे रीतसर पैसे. यातलं काहीही अशक्य नाही. केटरर मंडळी लग्नात हजार माणसांना बट्टी घालतातच.

आपल्या बाजूनेही थोडं काम आहे. ‘ॲम्बियन्स मस्त, स्टाफ नम्र’ असा रिव्ह्यू टाकण्यापेक्षा शेव कधी टाकली होती ते लिहा. भाकरी कळण्याची होती का, ते लिहा. बाथरूमच्या दाराला कडी होती का, तेही लिहा. आणि पुढच्या वेळी वेटरदादा कार्ड घेऊन आले की ते उघडायच्या आधी विचारून बघा, “आज तुमच्याकडे ताजं काय केलंय?” मी हल्ली सगळीकडे विचारतो. बहुतेक ठिकाणी “सगळंच ताजं आहे सर” असं उत्तर येतं. मागच्या महिन्यात एका ठिकाणी मात्र दादा आत जाऊन विचारून आले आणि जरा संकोचून म्हणाले, “स्टाफसाठी फुणके केलेत भो. चालतील?”

कार्डावर ते नव्हते. बिलात त्यांची किंमत काय लावायची हेही त्यांना ठरवता येईना.