पुष्पक सरळ का जात नाही?

लंका म्हणजे आजची श्रीलंका मानली, तर कोलंबोपासून अयोध्येचं हवाई अंतर भरतं सुमारे २,२०० किलोमीटर. जेट विमानाला तीन तास पुरेत. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या १९ सर्गांपैकी तेरावा सर्ग जवळजवळ पूर्ण या एकाच उड्डाणाला दिला आहे. रावणवधानंतर राम आणि सीता पुष्पकातून घरी निघाले आहेत. राम बोलतो आहे, सीता ऐकते आहे.

उंचावरून पाहणाऱ्या डोळ्याचं भान कालिदासाला कुठून आलं असेल, याचं नवल वाटत राहतं. समुद्र लोखंडी चाकासारखा, आणि तमाल-ताडांच्या बनांनी काळसर झालेला दूरचा किनारा त्याच्या धावेवर चढलेल्या गंजाच्या बारीक रेघेसारखा. किनारा ओलांडल्यावर राम सीतेला मागे वळून बघायला सांगतो: समुद्र दूर सरतो आहे आणि त्यातून रानांसकट जमीन बाहेर पडते आहे! वेग विमानाचा, पण हलताना दिसते ती धरती. मग सीता कुतूहलाने खिडकीबाहेर हात काढते आणि ढग तिच्या मनगटात विजेचं कंकण चढवतो.

पुढे जमीन ओळखीची होते आणि वर्णनाचा सूर बदलतो. इथे तुझं एक नूपुर सापडलं. या वेलींना बोलता येत नव्हतं, त्यांनी फांद्या झुकवून तुझी वाट दाखवली. हरिणींनी कोवळे दर्भ टाकून दक्षिणेकडे डोळे लावले. त्या माल्यवान पर्वतावर मेघांचं नवं पाणी आणि माझे अश्रू एकदमच गळले. यातलं काहीच सीतेने पाहिलेलं नाही. तिला पळवून नेल्यानंतरचे हे दिवस. तिच्या आयुष्यातून निसटलेला रामाचा काळ तो आता तिच्या हवाली करतो आहे.

गोदावरीचे सारस विमानाच्या घंटांचा नाद ऐकून सामोरे उडतात. पंचवटीत तिने घड्यांनी पाणी घालून वाढवलेले आंबे दिसतात. परंपरेप्रमाणे ही पंचवटी नाशिकची धरली, तर पुष्पक सरळ रेषा सोडून बरंच पश्चिमेला वळलं आहे. नाशिक, चित्रकूट, प्रयाग असा फेरा पाचशेहून अधिक किलोमीटरने लांब पडतो. रामाचं मन जाईल तिकडे हे विमान जातं, हे कालिदासाने आधीच सांगून ठेवलं आहे. मन गेलं ते या जागांकडे.

प्रवासाला किती वेळ लागला, हे कवी सांगत नाही. ते मोजण्याची त्याला गरजच नाही. वियोगात एकट्याने सोसलेलं दुसऱ्याला सांगून होईपर्यंत दोघं खऱ्या अर्थाने परतलेली नसतात. म्हणून अयोध्या येण्याआधी हे सारं बोलून व्हायला हवं. कालिदासाने या उड्डाणाची लांबी त्या बोलण्याला पुरेल एवढी ठेवली आहे, आणि त्यातच त्याची माणसाविषयीची थोर समज दिसते.