भाषांच्या नकाशावरील काळा ठिपका

नकाशा हे ज्ञानाचे साधन आहे, तसेच ते निवाड्याचेही आहे. युनेस्कोने २००९ साली ख्रिस्तोफर मोझली यांच्या संपादकत्वाखाली जगातील संकटग्रस्त भाषांचा जो नकाशासंग्रह संगणकावर खुला केला, त्याचे परीक्षण या दोन्ही अंगांनी व्हावयास हवे.

सुमारे अडीच हजार भाषांची त्यात नोंद होती. प्रत्येक भाषेस एक ठिपका; पांढरा, पिवळा, केशरी, तांबडा आणि अखेर काळा, अशी त्याची उतरती श्रेणी. ठिपका निवडला की भाषेचे नाव, भाषकसंख्या व स्थळ समोर येई. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणातील नकाशे छापले गेले आणि स्थिर झाले. हा नकाशा वाचकाने विचारावे आणि त्याने उत्तर द्यावे, असा होता. हा त्याचा मोठाच गुण होय.

परंतु काळा ठिपका देताना त्याची घाई झाली. मँक्स भाषेचा अखेरचा जन्मजात भाषक नेड मॅड्रेल १९७४ साली वारला, म्हणून ती मृत ठरविण्यात आली. त्यावर मॅन बेटावरील मँक्स माध्यमाच्या शाळेतील मुलांनी त्याच भाषेत युनेस्कोस पत्रे धाडली: आमची भाषा मेली असेल, तर आम्ही लिहितो आहोत ती कोणती? निर्णय बदलावा लागला. कॉर्निशच्या बाबतीतही तेच घडले. चूक झाली हे खरे. पण ती दुरुस्त झाली, हेही या नकाशाच्या श्रेयात धरले पाहिजे.

त्याची खरी मर्यादा निराळी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोदच्या परिसरात निहाली बोलली जाते. कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि तिचे भाषक अवघे दोन-अडीच हजार. ठिपका एवढे सांगू शकतो. आजीने निहालीत विचारलेल्या प्रश्नाला नातवाने मराठीत उत्तर दिले, तर तो क्षण मात्र त्याला दाखविता येत नाही. आणि भाषेचा क्षय तर तेथूनच सुरू होतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांचा पट घटला की आपण हळहळतो, आणि ते योग्यच आहे. पण निहालीच्या शेजारी मोठी भाषा आपलीच आहे. तो ठिपका पाहताना केवळ प्रेक्षक म्हणून उभे राहण्याचा अधिकार आपणा शिक्षकांस नाही.