शब्दकोशातला स्वल्पविराम

आज जरा तक्रारीच्या सुरात बोलणार आहे. तक्रार आहे झटपट उत्तर देणाऱ्या जर्मन-इंग्रजी शब्दकोशांबद्दल, म्हणजे पूर्वी खिशात मावायचे आणि आता मोबाईलवर आलेत ते. तुमच्यापैकी जे जर्मन शिकताहेत, ते बहुधा असाच कोश उलट्या बाजूने वापरतात. तेव्हा तक्रार तुमच्याही कामाची आहे.

‘शाटन’ हा जर्मन शब्द घ्या. कोशात समोर काय दिसतं? शेड, स्वल्पविराम, शॅडो. संपलं. इंग्रजी शिकणाऱ्या जर्मन माणसाने यातलं निवडायचं काय? शिक्षक नियम सांगतात: ऊन लागत नाही ती जागा शेड, आणि जमिनीवर पडलेली आकृती शॅडो. नियम वाईट नाही. पण ‘थोरल्या भावाच्या सावलीत वाढला’ म्हणायचं झालं तर तिथे कसली आलीय आकृती? तरी इंग्रजीत तिथे शॅडोच लागतं. आपल्याकडे दोन्हीला सावलीच, त्यामुळे बिचाऱ्याची अडचण आपल्याला लगेच कळते.

खरी पंचाईत ‘झिशरहाइट’ या शब्दाची. समोर पुन्हा तेच: सेफ्टी, स्वल्पविराम, सेक्युरिटी. इथलाही एक लाडका नियम आहे. अपघातापासून बचाव ती सेफ्टी, माणसाच्या वाईट हेतूपासून बचाव ती सेक्युरिटी. विमानतळावर हा नियम चोख चालतो. बॅग तपासतात ती सेक्युरिटी, विमानात पट्टा कसा बांधायचा ते दाखवतात ती सेफ्टी. पण सोशल सेक्युरिटीमध्ये कोणाचा वाईट हेतू आहे? म्हातारपणी हातात चार पैसे असावेत, एवढंच ना ते?

माझं म्हणणं असं की चूक नियमाची कमी आणि प्रश्नाची जास्त आहे. ‘झिशरहाइटला इंग्रजीत काय म्हणतात’ हा प्रश्नच अर्धवट आहे. जर्मन माणूस हा शब्द बरेचदा एकटा वापरतच नाही, त्याला पुढे काहीतरी जोडतो. आणि निवड त्या जोडलेल्या भागातच होऊन गेलेली असते! ‘लेबेन्समिटल-झिशरहाइट’ बघा. लेबेन्समिटल म्हणजे खाद्यपदार्थ. ते खाऊन कोणी आजारी पडू नये, ही काळजी. इंग्रजीत फूड सेफ्टी. आता ‘एर्नेरुंग्स-झिशरहाइट’. एर्नेरुंग म्हणजे आहार, पोषण. लोकांना पुरेसं खायला मिळावं, ही काळजी. इंग्रजीत फूड सेक्युरिटी. इंग्रजी पहिला शब्द तोच ठेवते आणि दुसरा बदलते. जर्मन दुसरा तोच ठेवते आणि पहिला बदलते. फरक दोघींनाही माहीत आहे, फक्त ठेवलाय वेगवेगळ्या खिशात. कोश मात्र जोडशब्द फोडतो, मागचा तुकडा उचलतो आणि शिकणाऱ्याच्या हातात स्वल्पविराम देतो.

आणि मराठी? आपण दोन्हीकडे ‘अन्नसुरक्षा’ म्हणून मोकळे झालो. २०१३चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा स्वस्त धान्याचा, रेशनचा. आणि ‘अन्न सुरक्षा अधिकारी’ येतो तो भेसळ तपासायला! त्याच्याकडे रेशनकार्डाची तक्रार घेऊन गेलात तर तो काय करणार? जर्मन भाषेने ही सोय करून ठेवली आहे, आपण केली नाही.

शब्द एकटाच उभा असतो तेव्हा मात्र माझी ही युक्ती चालत नाही. मोटारीचा ब्रेक आपोआप निकामी होणं वेगळं आणि बाहेरच्या कोणीतरी मोटारीच्या संगणकात शिरून तो निकामी करणं वेगळं. पहिल्यासाठी आयएसओ २६२६२ हे मानक २०११मध्ये आलं, दुसऱ्यासाठीचं २१४३४ हे २०२१मध्ये. जर्मनमध्ये नुसतं ‘झिशरहाइट’ म्हटलं तर यातलं कुठलं? तिथले इंजिनिअर आपसात जर्मन बोलतानाही सरळ ‘सेफ्टी’ आणि ‘सेक्युरिटी’ म्हणतात. स्वतःच्या भाषेत परक्यांचे दोन शब्द जोडीने आणून बसवले. यात मला कमीपणा वाटत नाही, शहाणपणाच वाटतो.

पण काही वेळा निवड करणं हेच नुकसान असतं. ‘शुल्ड’ म्हणजे अपराध, दोष. आणि त्याचं अनेकवचन ‘शुल्डन’ म्हणजे कर्ज. नीत्शेने १८८७च्या ‘नीतीची वंशावळ’ या पुस्तकातल्या दुसऱ्या निबंधात नेमकं हेच धरलं. अपराधाची कल्पना देण्याघेण्याच्या व्यवहारातून, ऋणको-धनकोच्या नात्यातून आली, असं तो म्हणतो. जर्मन वाचकाला हे कानानेच पटायला लागतं. इंग्रजीत गिल्ट आणि डेट हे दोन शब्द एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. म्हणून भाषांतरकाराला मूळ जर्मन शब्द कंसात टाकावा लागतो किंवा खाली टीप द्यावी लागते. इथे चांगला विद्यार्थी आणि वाईट विद्यार्थी सारखेच अडकतात, आणि मी दोघांचेही गुण कापणार नाही. मराठीत ‘ऋण’ जवळचं वाटतं, त्यात पैसाही आहे आणि पितृऋणासारखं कर्तव्यही. पण ऋण असणारा माणूस अपराधी नसतो. तेव्हा मराठी भाषांतरकारालाही तो कंस चुकत नाही.