दात घासत नाहीस का?

शनिवारी मुलांची नखे आणि दात तपासण्याची पद्धत अजूनही अनेक शाळांत आहे. पद्धत चांगली, पण तिच्यातले एक वाक्य मला खटकते. तपकिरी दात दिसले की आपण विचारतो, "दात घासत नाहीस का?" हा प्रश्न नव्हे, निकाल आहे.

नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. अशा गावात एकाच मुलीच्या दातांकडे मोठी माणसे किती तऱ्हांनी पाहतात! गुरुजींना अस्वच्छता दिसते. आईला तिच्या लग्नाची काळजी. दुकानदार महागडी पेस्ट पुढे करतो. डॉक्टर म्हणतात, "दुखत नाही ना? मग राहू द्या." आजी म्हणते, "आमच्या घराण्याचे दातच असे." आजी निम्मी बरोबर आहे: घराण्याचे दात सारखे, कारण घराण्याचे पाणी एक.

कायमचे दात हिरडीच्या आत साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतात. त्या काळात जादा फ्लोराइड पोटात गेले, तर दातांवरचे इनॅमल सच्छिद्र राहते. त्यावर पांढुरके पट्टे आणि पुढे तपकिरी डाग दिसतात. ते घासून जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरे पाणी नसेल तर १.५ आहे. ग्रॅनाइट खडकातल्या खोल बोअरला ती ओलांडली जाण्याचा धोका अधिक. लातूरकडच्या काळ्या बेसाल्टमध्ये फ्लोराइड सहसा कमी. पण दुष्काळात बोअर खोल जातात, तेव्हा तिथेही पाणी तपासलेले बरे.

डॉक्टरांचे "राहू द्या" हेही अपुरेच. दातांवरचा डाग ही पहिली सूचना असते. तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर हाडे आणि सांधे ताठरतात. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही.

मग शिक्षकांनी काय करावे? साधा मळ हिरडीलगत साचतो आणि निघतो. फ्लोराइडचे पट्टे दोन्ही बाजूंच्या सारख्या दातांवर जोडीने दिसतात. असे दात असलेली मुले कोणत्या बोअरचे पाणी पितात, याची विद्यार्थ्यांकडूनच नोंद करून घ्यावी. मग त्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवावा. विज्ञानाचा याहून चांगला तास कोणता?

वर्गासमोर ऐकलेल्या त्या एका वाक्यानंतर तोंडावर हात धरून हसणारी मुलगी आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असू शकते. तिला पुढच्या शनिवारी एवढेच विचारावे: "बाळ, तुमच्या घरी पाणी कुठले?"