लेखणीची मिळकत आणि वाचकाचा विश्वास

मराठींत अलीकडे एक नवा वाङ्मयप्रकार फोफावला आहे. तो म्हणजे ‘ब्लॉग लिहून घरबसल्या पैसे कसे मिळवावे’ हें शिकविणाऱ्या लेखांचा. ग्रंथपरीक्षणांत त्याची दखल घेण्याची चाल नाहीं. परंतु सुशिक्षित घरांतील मुलें ज्या गद्यावर भरंवसा ठेवून उद्योगास लागतात, त्याचें परीक्षण टीकाकारानें टाळणें इष्ट नव्हे.

लेखणीनें पैसा मिळवूं नये, असें म्हणणारा सोवळेपणा प्रथमच बाजूस ठेवावा. मराठी मासिकें वर्गणीबरोबर जाहिरातींवरहि जगत आलीं आहेत. १९२० सालीं किर्लोस्करवाडीस निघालेलें ‘किर्लोस्कर खबर’ तर मूळचें कारखान्याचेंच पत्र होतें. शंकरराव किर्लोस्करांनीं पुढें त्याचें ‘किर्लोस्कर’ मासिक केलें, आणि त्याच परिवारांत ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) हीं मासिकें निघालीं. मालाच्या प्रसिद्धीसाठीं जन्मलेलें पत्रहि वाङ्मयाच्या उपयोगी पडूं शकतें, याला याहून बोलका पुरावा नको. मात्र तें पत्र कोणाचें, हें त्याच्या नांवांतच लिहिलेलें होतें.

ब्लॉगाची मिळकत मुख्यतः तीन वाटांनीं येते: पानावर गूगलच्या ॲडसेन्सनें लावलेल्या जाहिराती, वाचकानें दुव्यावरून माल घेतल्यास मिळणारी दलाली, आणि व्यापाऱ्यानें पैसे देऊन लिहविलेला मजकूर. ॲडसेन्स २००३ सालीं निघालें. मराठीची सोय त्यांत २०१८ सालीं झाली. तोंवर मराठी ब्लॉगलेखक बहुधा हौसेनेंच लिहीत. आतां भाईंदरच्या पश्चिमेकडील तारोडीसारख्या गांवांत बसून लिहिणारालाहि अमेरिकेंतील मराठी वाचकामुळें दोन पैसे मिळण्याची वाट मोकळी झाली, हा लाभ लहान नव्हे.

पण या पैशाचा गद्यावर झालेला परिणाम पाहावा. वाचक शोधयंत्रांतून येतो, म्हणून लेखक त्या यंत्रासाठींच लिहूं लागतो. एकच शब्दसमूह मथळ्यांत, पहिल्या परिच्छेदांत व प्रत्येक उपमथळ्यांत पुनः पुनः येतो. चार ओळींचें उत्तर चाळीस ओळींच्या तळाशीं दडविलें जातें. कारण वाचक जितका खालीं उतरेल, तितक्या अधिक जाहिराती त्याच्या दृष्टीस पडतात. कीर्तनकारहि आख्यान लांबवितो. पण तो श्रोत्यांचे चेहरे पाहून लांबवितो.

याहून गंभीर दोष सत्याचा आहे. या लेखांतील ‘मी’ आपल्या मिळकतीचा आंकडा सांगतो. ती मिळकत ब्लॉगाची कीं ब्लॉग शिकविण्याच्या फीची, हें मात्र पुष्कळदां सांगत नाहीं. फीवरच ज्याचें पोट, तो आपल्या शिष्यांपैकीं कितीजण रिकाम्या हातीं परतले, याचा हिशेब कशास देईल? शिवाय या धंद्याची जमीन परक्याच्या मालकीची आहे. २०२४ च्या सुरुवातीस ॲडसेन्सनें मोबदल्याचा मुख्य आधार क्लिकवरून जाहिरात दिसण्यावर नेला. त्याच वर्षीं भारतांत गूगलच्या शोधपानावर यंत्रानें रचलेले सारांश दिसूं लागले. ते वाचून तृप्त झालेला वाचक मूळ लेखापर्यंत जाईलच असें नाहीं. हें सारें न सांगतां ‘कायमची मिळकत’ असा शब्द वापरणें, याला फसवणूकच म्हणावें लागेल.

भारतीय जाहिरात मानक परिषदेनें २०२१ सालीं असा दंडक घातला कीं, मोबदला घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट सांगावी. साहित्याचा दंडक याहून जुना व कडक आहे: लिहिणाराजवळ सांगण्यासारखें कांहीं असावें. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील कसे वाळवितात, हें तेथल्या माणसानें स्वतः पाहून लिहिलें, तर त्यावर जाहिरात लागली म्हणून त्याचें मोल घटत नाहीं. दलालीचा दुवा पुसल्यावर लेखांत काय शिल्लक राहतें, एवढी एक कसोटी आमच्या वाचकांनीं लावावी, आणि घरांतील तरुणांनाहि ती लावावयास शिकवावी.