आर्थिक नियोजनाचे ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखांत पदव्युत्तर स्तरावर स्वतंत्र स्थान मिळविणाऱ्या विषयांमध्ये वैयक्तिक आर्थिक नियोजनाचा समावेश होतो. बँका, विमा कंपन्या व म्युच्युअल फंड क्षेत्रात नोकरी करणारे अनेक जण नोकरी सांभाळून या विषयाचे शिक्षण घेऊ इच्छितात. त्यांच्यासाठी ऑनलाइन माध्यम हा सोयीचा, किंबहुना अनेकदा एकमेव पर्याय असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणासाठी एकत्रित विनियम केले. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने असेही स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थांनी ऑनलाइन पद्धतीने दिलेल्या पदव्या पारंपरिक पदव्यांशी समतुल्य मानल्या जातील. अशा रीतीने पदवीच्या दर्जाचा प्रश्न नियमाने मिटला आहे. तथापि, त्या पदवीधारकाच्या हाती एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत विश्वासाने सोपविता येईल काय, हा प्रश्न नियमाने मिटत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने या शिक्षणाची चिकित्सा केली आहे.

विषयाचे स्वरूप :

आर्थिक नियोजनाच्या प्रक्रियेचे सामान्यतः सहा टप्पे मानले जातात. ग्राहकाशी संबंध प्रस्थापित करणे, माहिती गोळा करणे, परिस्थितीचे विश्लेषण करणे, शिफारशी तयार करणे, त्यांची अंमलबजावणी करणे व वेळोवेळी आढावा घेणे, असे ते टप्पे होत. यांपैकी गणिताचा भाग प्रामुख्याने तिसऱ्या व चौथ्या टप्प्यात येतो. उरलेल्या टप्प्यांत विचारणे, ऐकणे, समजावणे आणि क्वचित नकार देणे यांनाच महत्त्व असते. म्हणजेच हा विषय वित्तशास्त्रावर आधारलेला असला तरी त्याची जातकुळी वकिली किंवा वैद्यकीय व्यवसायाशी अधिक जुळते.

ऑनलाइन माध्यमाची बलस्थाने :

या माध्यमाचे गुण मान्य केल्याशिवाय त्याची चिकित्सा न्याय्य ठरणार नाही. तालुक्याच्या गावी राहणारा बँक कर्मचारी किंवा घरच्या जबाबदाऱ्यांमुळे शिक्षणात खंड पडलेली स्त्री यांना महानगरातील वर्गात बसणे शक्य नसते. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने पुन्हा पुन्हा पाहता येतात. पैशाचे कालमूल्य, कर्जाचे हप्ते, करआकारणी व गुंतवणुकीवरील परतावा हे घटक स्प्रेडशीटच्या साहाय्याने शिकण्यासाठी तर हे माध्यम फळा-खडूपेक्षा सरस ठरते.

परंतु येथेच एक विसंगती दिसून येते. हे माध्यम जे उत्तम शिकविते, ते काम आज संगणक स्वतःच करू लागला आहे. उदाहरणार्थ, एखाद्या कुटुंबाचा आजचा मासिक खर्च ४०,००० रुपये असेल, तर ६ टक्के महागाईदराने १५ वर्षांनंतर तो सुमारे ९६,००० रुपये होईल. हाच दर ७ टक्के धरल्यास तो सुमारे १ लाख १० हजारांवर जातो. ही आकडेमोड क्षणार्धात होते. मात्र त्या विशिष्ट कुटुंबासाठी कोणता दर धरावा, त्याच्या खर्चात औषधोपचार व मुलांचे शिक्षण यांचा वाटा किती, हे ठरविण्यासाठी त्या कुटुंबाची ओळख असावी लागते. शिक्षणाची खरी गरज आकड्यामागील या गृहीतकापाशी सुरू होते.

प्रात्यक्षिकाविषयीचा गैरसमज :

आयोगाच्या २०१८ मधील ऑनलाइन अभ्यासक्रमविषयक विनियमांनी प्रात्यक्षिक किंवा प्रयोगशाळा आवश्यक असणारे अभ्यासक्रम ऑनलाइन देण्यास मनाई केली होती. त्यामागील तत्त्व योग्यच आहे. परंतु आर्थिक नियोजनाला प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून त्याला प्रात्यक्षिकही लागत नाही, असे गृहीत धरणे चुकीचे होय. या विषयाची प्रयोगशाळा म्हणजे ग्राहकाचे कुटुंब. ई-शिकवणी, ई-मजकूर, चर्चापीठ व मूल्यमापन या प्रचलित चार अंगांत त्या कुटुंबाला जागा नाही.

ही उणीव किती गंभीर आहे, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. पहिले उदाहरण निवृत्तिवेतनाचे. एकाच अनुदानित महाविद्यालयाच्या प्राध्यापक कक्षात शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाची नियुक्ती १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची व दुसऱ्याची त्यानंतरची असेल, तर त्यांच्या वार्धक्याच्या तरतुदीचा पायाच वेगळा ठरतो. पहिला जुन्या निवृत्तिवेतन योजनेत मोडतो, तर दुसऱ्याची नियुक्ती परिभाषित अंशदान योजनेच्या कक्षेत झालेली असते. वेतन, वय व पद सारखे असूनही दोघांना एकच योजना सुचविणे हा अपराधच ठरेल. नियुक्तीची तारीख विचारण्याचे भान तयार नमुना-प्रश्न सोडवून येत नाही, कारण नमुना-प्रश्नात आवश्यक ती माहिती आधीच दिलेली असते.

दुसरे उदाहरण नामनिर्देशनाचे. नामनिर्देशित व्यक्ती ही विम्याची रक्कम केवळ स्वीकारण्यास पात्र असते, मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटले. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात आई-वडील, पती-पत्नी व अपत्ये यांना लाभार्थी नामनिर्देशित असे विशेष स्थान दिले. समभागांच्या बाबतीत मात्र नामनिर्देशनाने वारसाहक्क डावलला जात नाही, असा निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. विद्यार्थी ही माहिती पाठ करून परीक्षा उत्तीर्ण होऊ शकतो. परंतु दोन भावांत अबोला असलेल्या घरात मृत्युपत्राचा विषय काढावा कसा, सासूच्या नावावरील ठेवीबद्दल सुनेसमोर विचारावे की नाही, सोने व भिशी यांतील बचत ग्राहक लपवीत असल्यास ती कशी ओळखावी, हे अनुभवी मार्गदर्शकाच्या शेजारी बसूनच शिकता येते. बहुपर्यायी प्रश्नांत याचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव :

या संदर्भात ऑस्ट्रेलियाचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे २०१७ च्या कायद्याने आर्थिक सल्लागारांसाठी मान्यताप्राप्त पदवी अथवा त्याहून उच्च अर्हता, राष्ट्रीय परीक्षा व आचारसंहिता अनिवार्य करण्यात आली. कार्यरत सल्लागारांपैकी अनेकांनी नोकरी करीत पदव्युत्तर पदविका ऑनलाइन पूर्ण केल्या. महत्त्वाची बाब अशी की, नवोदितांसाठी पदवी पुरेशी मानली गेली नाही. त्यांना १,६०० तासांचे एक व्यावसायिक वर्ष पूर्ण करावे लागते. त्यात १,५०० तास देखरेखीखालील प्रत्यक्ष काम व १०० तास संरचित प्रशिक्षण असते. म्हणजेच ज्ञान कोणत्याही माध्यमातून मिळवावे, परंतु कौशल्य मात्र प्रत्यक्ष कामातूनच सिद्ध करावे, अशी ही विभागणी आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. २०१९ च्या आरंभी तेथे २८,००० हून अधिक सल्लागार होते. २०२३ पर्यंत ही संख्या १६,००० च्या खाली आली. बँकांनी या व्यवसायातून काढलेला पाय व वाढता अनुपालन खर्च हीदेखील त्यामागील कारणे होती. तथापि, अर्हतेच्या अटींचाही त्यात वाटा होता. अखेरीस २०२३ मध्ये दहा वर्षांचा अनुभव व निष्कलंक नोंद असणाऱ्या जुन्या सल्लागारांना पदवीच्या अटीतून सवलत देण्यात आली. केवळ प्रमाणपत्राचा आग्रह धरल्यास अनुभवी माणसे गमावण्याचा धोका असतो, हा यातील धडा होय.

भारतीय नियमनातील हेलकावे :

भारतात सेबीच्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार विनियमांनी पदव्युत्तर अर्हता किंवा पदवी व पाच वर्षांचा अनुभव यांपैकी एक पुरेसे मानले होते. २०२० च्या दुरुस्तीने अर्हता व अनुभव दोन्ही आवश्यक केले. डिसेंबर २०२४ मध्ये अनुभवाची अट रद्द करून पदवी पुरेशी ठरविण्यात आली. राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या प्रमाणन परीक्षांची अट मात्र कायम राहिली. नोंदणीकृत सल्लागारांची संख्या वाढावी हा या शिथिलीकरणाचा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु देखरेखीखालील सरावाची अट कोणत्याही टप्प्यावर स्वतंत्रपणे आली नाही. परिणामी, जी उणीव नियामक भरून काढीत नाही, ती भरून काढण्याची जबाबदारी आता विद्यापीठांवर येऊन पडते. पदव्युत्तर पदवी नोंदणीसाठी अनिवार्य राहिली नसल्याने तिला आपली उपयुक्तता गुणवत्तेच्या बळावरच सिद्ध करावी लागेल.

उपाययोजना :

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर श्रेयांक आराखड्यात प्रत्यक्ष कार्यानुभव वा क्षेत्रीय प्रकल्पासाठी ४ श्रेयांक राखून ठेवले आहेत. १,६०० तासांच्या तुलनेत ही तरतूद अल्प असली तरी आरंभ म्हणून ती उपयोगी पडू शकते. ऑनलाइन विद्यार्थ्याला त्याच्या गावाजवळील महाविद्यालयाशी जोडून देता येईल. तेथील कर्मचारी पतसंस्था, बचत गट व निवृत्त शिक्षक यांच्यासाठी विनामूल्य सल्ला केंद्र चालविता येईल. केंद्रात कोणत्याही वित्तीय उत्पादनाची विक्री होऊ नये, तसेच ग्राहकाची माहिती गोपनीय राहावी, हे दोन नियम कटाक्षाने पाळावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान तीन कुटुंबांचे नियोजन मार्गदर्शकाच्या उपस्थितीत करावे. मौखिक परीक्षेत आकड्यांपेक्षा गृहीतकांचे समर्थन तपासले जावे. याशिवाय मराठीतून दर्जेदार अध्ययन साहित्य तयार होणे आवश्यक आहे. ज्या भाषेत ग्राहक आपली काळजी बोलून दाखवितो, त्या भाषेत जोखीम समजावून सांगता न येणारा सल्लागार अपुराच राहतो.

निष्कर्ष :

ऑनलाइन माध्यम हे या विषयाचे शत्रू नव्हे. ज्यांना वर्गाचे दार बंद होते, त्यांच्यासाठी ते उघडण्याचे मोठे काम या माध्यमाने केले आहे. दोष आहे तो विषयाला केवळ आकडेमोड समजून त्यातील प्रात्यक्षिक वगळण्यात. नियोजनातील चूक परीक्षेत एका गुणाने मोजली जाते, परंतु घरात ती मुलीच्या शिक्षणाने किंवा वृद्धांच्या औषधोपचाराने मोजावी लागते. सैद्धांतिक भाग ऑनलाइन व सराव प्रत्यक्ष, अशी जोड दिल्यास ही पदवी नियमानेच नव्हे, तर अर्थानेही समतुल्य ठरेल.